समईची जोडी कॅनडाला पाठवायची वेळ आलीये, कोणी पाठवलंय का असं?

दांडियाबाजारवाली: घरातली जुनी पितळेची भांडी थोडीथोडी ऑनलाइन विकतेय, गिऱ्हाईकं सगळी सुरत, पुणे, फार तर हैदराबादची, आणि काल टोरांटोहून एका बाईंचा मेसेज, समईची जोडी हवीय म्हणून. लिस्टिंगमध्ये ‘भारतात शिपिंग फ्री’ असं स्वच्छ लिहिलंय तरी म्हणतात फ्री आहे ना मग पाठवा! वर गिफ्ट लिहा म्हणजे ड्यूटी लागणार नाही. जोडी साडेचार किलोची आहे. सरळ नाही म्हणू का?

रावपुरेकर: नाही कशाला, आधी भाडं काढा आणि वेगळं सांगा, परवडलं तर घेतील. पोस्टाचं आयटीपीएस, म्हणजे परदेशी छोट्या पाकिटांची सेवा, स्वस्त पडतं पण त्याला वजनाची मर्यादा असते, त्यात बसलं नाही तर ईएमएसने, म्हणजे परदेशी स्पीड पोस्टने जाईल. खाजगी कुरियरवाले खोक्याची लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर पैसे त्याचे. म्हणून समईचे सगळे पेच उघडून सुटे भाग करा, खोका लहान होतो.

जुनापुराणा_बडोदा: ताई भाड्याचं नंतर, समई किती जुनी आहे ते आधी सांगा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवताच येत नाही, मग पोस्टाने द्या नाहीतर कुणाच्या बॅगेतून. आणि आपण लोक काय करतो, भाव यावा म्हणून ‘पणजीच्या काळातली, शंभर वर्षं जुनी’ असं ठोकून देतो, कस्टमवाल्याने तेच वाचलं तर बसा उत्तरं देत. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याचं सर्कल ऑफिस वडोदऱ्यातच आहे, तिथे चौकशी करा.
गिफ्टचं तर मुळीच करू नका. पैसे घेतले म्हणजे विक्री झाली, डिक्लेरेशनवर सही तुमची असते, त्या बाईंची नाही. शिवाय किंमत कमी दाखवली आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाई मागणार कशाच्या जोरावर? विक्री म्हणून पाठवायचं तर आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढावा लागतो, डीजीएफटीच्या (सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या) साइटवर ऑनलाइन होतं, फी ५०० रुपये. ड्यूटी निघेल ती तिकडे त्या भरतील, हे आत्ताच लिहून घ्या.

दांडियाबाजारवाली: बापरे, हे शंभर वर्षांचं माहीतच नव्हतं. पण समईच्या बुडाशी नाव घातलंय, सासूबाईंच्या लग्नातली आहे, साल १९५८.

जुनापुराणा_बडोदा: मग सुटलात. त्या कोरलेल्या सालाचा फोटो लिस्टिंगला लावा आणि प्रिंट पार्सलच्या कागदांबरोबर द्या.

मकरपुरा_काकू: अगं त्यांचं इकडे कोणी आहे का विचार ना. डिसेंबरात सगळे एनआरआय येतातच, इथल्या पत्त्यावर पोचवून दे, नेतील त्या आपल्या सामानातून. पैसे मात्र आधी.

दांडियाबाजारवाली: काकू विचारलं, नणंद आणंदला असते म्हणे! तिच्याकडे पाठवते, आणि इथलं शिपिंग फ्रीच.