‘हेल्प सिंड्रोम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : गरोदर बायकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘हेल्प सिंड्रोम’ (HELLP) या गरोदरपणातल्या गंभीर आजाराला ‘गरोदरपणातली कावीळ’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : कावीळ नको. हेल्पमध्ये डोळे पिवळे होतातच असं नाही, बरेचदा होत नाहीत. मग बाई आरशात डोळे बघून निर्धास्त व्हायची. शिवाय या ‘हेल्प’चा मदतीशी काही संबंध नाही. तांबड्या पेशी फुटणं, यकृताची एन्झाइम्स वाढणं आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटणं, या तिन्हींची ती इंग्रजी आद्याक्षरं. लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये हे नाव दिलं.

प्रश्नकर्ता : मग ‘रक्तविलयन-विकरवृद्धी-बिंबिकाऱ्हास’?

उत्तर : हे वाचून होईस्तोवर बाई बाळंत होईल! हेल्प सिंड्रोमच ठेवा, केसपेपरवरही तेच असतं. खरा घात ‘पित्त’ हा शब्द करतो. उजव्या बरगडीखाली नाहीतर पोटाच्या वरच्या भागात मधोमध दुखतं, मळमळतं, उलटी होते. घरचे म्हणतात, पित्त खवळलंय. शेवटच्या तिमाहीत असं दुखलं, त्यात डोकं ठणकत असलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर त्याच दिवशी बीपी आणि रक्त तपासायला हवं. निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात, हेल्पमध्ये त्या लाखाच्याही खाली येऊ शकतात. आणि बीपी ठीक आहे म्हणून हेल्प नाही, असंही नसतं.

दुसरं उत्तर : पत्रकात ‘गरोदर’वर थांबू नका, ‘ओली बाळंतीण’ही घाला. बऱ्याच जणींना हे बाळंतपणानंतर होतं, बहुतेक पहिल्या ४८ तासांत. टाक्यांच्या दुखण्यात पोटाचं दुखणं झाकलं जातं. क्वचित यकृताच्या आवरणाखाली रक्त साचून ते आवरण फुटतं, तेव्हा उजवा खांदाही दुखतो.

प्रश्नकर्ता : आणि ‘अ‍ॅक्यूट फॅटी लिव्हर’? ‘तीव्र फॅटी लिव्हर’ लिहिलंय.

उत्तर : ‘तीव्र’ म्हणजे लोक ‘जास्त’ समजतात. सोनोग्राफीत सापडणाऱ्या नेहमीच्या फॅटी लिव्हरचीच ही वरची पायरी वाटेल. हा आजार वेगळा : काही दिवसांत यकृत ढासळतं, साखर उतरते, रक्त गोठेनासं होतं. ‘गरोदरपणात अचानक यकृतात चरबी साठणं’ लिहा. लांबलं तरी चालेल. हेल्प आणि हा, दोन्हींत उपाय एकच, आईला स्थिर करून लवकर बाळंतपण. तेही स्पष्ट लिहा. नाहीतर घरचे गोळ्यांनी उतरेल म्हणून वाट बघतात.

प्रश्नकर्ता : मथळा बदलला : ‘शेवटच्या तिमाहीत किंवा बाळंतपणानंतर पोटात वर दुखतंय? पित्ताची गोळी घेऊन बसू नका.’