मोन्झाचं पहिलं वळण आणि ११ तक्रारी: चूक कुणाची हे ठरवायचे नियम कसे लिहायचे?

शेवटची_रांग:
नमस्कार मंडळी. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या ऑनलाइन रेसिंग गेमवर जीटी३ (शोरूमच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग) गाड्यांची आमची खाजगी लीग आहे. २४ गाड्या, ६० मिनिटांची रेस, एक सक्तीचा पिटस्टॉप. सर्व्हर मुंबईत. बरेचसे ड्रायव्हर पुणे, मुंबई, नाशिकचे, तिघे दुबईहून आणि दोघे जर्मनीतून येतात. इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर पहिल्याच शिकेनमध्ये (लागोपाठच्या उजव्या-डाव्या तीव्र वळणात) सात गाड्या एकमेकींत अडकल्या आणि रेसनंतर ११ तक्रारी आल्या. नियमपुस्तकात फक्त एक ओळ आहे: 'मागून ठोकणाऱ्याची चूक'. पण मधल्या गाड्यांना मागून ढकललं गेलं होतं, आणि आतल्या बाजूने घुसलेला म्हणतोय की मी शेजारी होतो, मला जागा द्यायला हवी होती.

विचारायचंय ते असं. 'शेजारी असणं' नियमात नेमकं कसं मांडायचं? तक्रारी कशा घ्यायच्या आणि दंड किती ठेवायचा? आणि जर्मनीच्या दोघांचा पिंग (सर्व्हरपर्यंत माहिती जाऊन यायला लागणारा वेळ) १४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणून त्यांना काढा असं काही जण म्हणतायत. ते योग्य आहे का?

ब्रेकपॉइंट_१५०:
आधी मोन्झाचं गणित बघा, म्हणजे त्या वळणावर दरवेळी हेच का होतं ते कळेल. सरळ रस्त्याच्या शेवटी जीटी३ गाडी ताशी २६० किमीच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. शिकेनमध्ये ती ८० वर येते, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन गाड्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर सरळ रस्त्यावर ते ३६ मीटर दिसतं आणि शिकेनमध्ये तेच ११ मीटर होतं. आता पहिल्या लॅपला घोळक्यात हे अंतर ०.२ सेकंद असतं. ८० च्या वेगाला ०.२ सेकंद म्हणजे साडेचार मीटरही नाही, आणि गाडीचीच लांबी साडेचार मीटरच्या वर. म्हणजे मागच्याने समोरच्याच्या खुणेवर ब्रेक मारला तर तो ठोकणारच, कितीही कौशल्य असलं तरी. त्याला अंतर वाढवावंच लागतं, त्याच्या मागच्याला आणखी, आणि दहाव्या रांगेपर्यंत हे साचत जातं. त्यात टायर थंड, आणि समोरच्या गाडीच्या आडोशात पुढच्या चाकांवरचा हवेचा दाब कमी, म्हणून गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते.

म्हणून पहिल्या लॅपसाठी वेगळं कलम हवं: 'पहिल्या लॅपच्या पहिल्या वळणाला नेहमीची ब्रेकिंगची खूण लागू नाही. समोर गाडी असेल तर आपण लवकर ब्रेक मारायचा आणि मागच्यालाही जागा लागेल हे धरून चालायचं.' मधल्या रांगांना साधारण ३०-४० मीटर आधीपासून सुरुवात करायला सांगा. 'मागून ढकललं गेलं' ही सबब कधी चालेल तेही लिहा: धक्का बसायच्या आधी त्या गाडीने ब्रेक मारलेला असेल आणि समोर मोकळी जागा असेल, तर दोष साखळीत सगळ्यात मागे ज्याने सुरुवात केली त्याचा. समोर जागाच ठेवली नव्हती, तर दोघांचा.

आता 'शेजारी'. एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) च्या नियमावलीतल्या परिशिष्ट एलमध्ये गाडी नियंत्रणात ठेवण्याच्या आणि बचावाच्या तरतुदी आहेत, त्या घ्याच: बचावासाठी दिशा एकदाच बदलायची, आणि रेसिंग लाइनवर (वळणातून सगळ्यात वेगाने जायच्या मार्गावर) परत येताना ट्रॅकच्या कडेला किमान एका गाडीची रुंदी सोडायची. पण शेजारी म्हणजे किती, हे मोजता येईल असं लिहावं लागतं. फॉर्म्युला वनच्या स्ट्युअर्डसाठीच्या (धडकांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच्या) ज्या मार्गदर्शक सूचना एफआयएने २०२५ मध्ये जाहीर केल्या, त्यात आतून ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा ॲक्सल ॲपेक्सच्या (वळणातल्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या) आधीपासून ॲपेक्सपर्यंत दुसऱ्याच्या आरशाच्या रेषेत हवा असं आहे. आपल्याकडे एवढं पुरत नाही. बंद केबिनमध्ये, एकाच मॉनिटरवर खेळणाऱ्याला बाजूचं काहीच दिसत नाही, आणि ॲपेक्सपर्यंत थांबून निर्णय घ्यायला वेळही नसतो. म्हणून क्षण ठरवा: पुढचा ड्रायव्हर स्टिअरिंग वळवायला सुरुवात करतो तो. त्या क्षणी मागच्या गाडीची पुढची चाकं पुढच्या गाडीच्या दाराच्या मागच्या खांबापर्यंत पोचलेली असतील, तर जागा द्यायची. पोचलेली नसतील, तर मागच्याने माघार घ्यायची. रिप्लेमध्ये पॉज करून वरच्या कॅमेऱ्यातून हे दहा सेकंदात दिसतं. तुमचा आत घुसलेला ड्रायव्हर शेजारी 'होता' की आदळताना शेजारी 'पोचला', हा फरक तिथेच सुटेल. आदळताना तर प्रत्येक जण शेजारीच असतो!

लॉगबुक_स्ट्युअर्ड:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी कारभाराचं सांगतो, कारण लीग मोडतात त्या इथेच.

सर्व्हरच्या सेटिंग्ज फाइलमध्ये आपोआप डिस्क्वालिफाय करणारा पर्याय शून्य करा. मग गेम थेट बाहेर काढण्याऐवजी ३० सेकंदांचा स्टॉप-अँड-गो (पिटमध्ये येऊन तेवढा वेळ थांबायचा दंड) देतो, आणि तो भोगायला ड्रायव्हरला तीन लॅप असतात. तेवढ्यात रेस डायरेक्टर प्रसंग बघून एक तर काढू शकतो, नाही तर दंड माफ करू शकतो. निकाल लिहून ठेवण्याचा पर्याय एक करा, पण सर्व्हरच्या फोल्डरमध्ये 'रिझल्ट्स' नावाचं फोल्डर हाताने तयार करून ठेवा. ते नसेल तर निकालाची फाइल मिळत नाही आणि तुम्ही रात्री एक वाजता स्क्रीनशॉट मागत बसता. थेट दंड द्यायचाच तर ॲडमिन चॅटमधून टीपी५ किंवा टीपी१५ (५ किंवा १५ सेकंदांचा दंड) ही कमांड आणि गाडीचा नंबर. मागे सी जोडला की पडद्यावर 'धडक दिल्याबद्दल' असं कारण येतं. कारणाशिवाय दंड देऊ नका, ड्रायव्हरला वाटतं गेमची गडबड आहे. पण माझा आग्रह असा की धडकेचे दंड शक्यतो रेसनंतरच द्या. चालू रेसमध्ये स्ट्युअर्डला एकच कोन दिसतो.

तक्रारीचा अर्ज: रेस संपल्यावर पहिला एक तास बंद, त्यानंतर २४ तास उघडा. पहिल्या तासातल्या तक्रारी रागाच्या असतात. एका अर्जात एकच प्रसंग. सेशनची वेळ, लॅप, वळण, दोन्ही गाड्यांचे नंबर, आणि व्हिडिओ: प्रसंगाच्या १० सेकंद आधीपासून ५ सेकंद नंतरपर्यंत, दोन्ही गाड्यांच्या आतून आणि एकदा वरून. व्हिडिओ नसेल तर तक्रार नाही. समोरच्याला उत्तर द्यायला २४ तास, आणि उत्तर आलं नाही तरी निर्णय थांबणार नाही. रिप्ले सेव्ह करायला सगळ्यांना रेसआधीच्या ब्रीफिंगमध्ये सांगा, नंतर तो मिळत नाही.

स्ट्युअर्ड तीन. प्रसंगात असलेला किंवा गुणतक्त्यात त्या दोघांच्या आसपास असलेला कुणी बसणार नाही. तिघांनीही आपलं मत आधी लिहून पाठवायचं, मगच एकमेकांचं वाचायचं. चर्चा आधी झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय लागतो. निर्णय दोन-तीन ओळींत, कुठलं कलम लागू केलं ते लिहून सगळ्यांसमोर टाका. पाच-सहा रेसमध्ये या ओळीच तुमचं खरं नियमपुस्तक होतात.

दंडाबाबत: मूळ आकडा कृतीवर ठरवा, परिणामावर नाही. हलका धक्का, जागा गेली: ५ सेकंद. टाळता येण्यासारखी धडक: १५ सेकंद. बेदरकार: पुढच्या रेसला पिटलेनमधून सुरुवात. मुद्दाम: हंगामाबाहेर. पहिल्या लॅपला एक पायरी खाली, कारण तिथे सगळेच दाटीत असतात.

ब्रेकपॉइंट_१५०:
शेवटच्या वाक्याशी असहमत. खऱ्या रेसमध्ये पहिल्या लॅपला सूट देतात ते समजतं, कारण तिथे ड्रायव्हरला स्वतःचा जीव आणि गाडी सांभाळायची असते, तो आपोआप जपून जातो. इथे ती भीती नाही. पहिल्या लॅपला सूट आहे हे कळलं की तिसऱ्या रेसपासून लोक तिथेच जागा कमावायला लागतात. शिवाय इतर वेळच्या धडकेत दोघांची रेस बिघडते, पहिल्या वळणावर सात जणांची. एक पायरी वर ठेवा.

लॉगबुक_स्ट्युअर्ड:
सात जणांची बिघडली म्हणून वर, हा परिणामावरचा दंड झाला. पण जपून जाण्याचा तुमचा मुद्दा पटतो. मधला मार्ग: पहिल्या लॅपला सूटही नाही, वाढही नाही, पण तुमचं लवकर ब्रेकचं कलम मोडलं असेल तर पेनल्टी पॉइंट (वेळेच्या दंडाशिवाय ड्रायव्हरच्या नावावर साचत जाणारे गुण) दुप्पट.

राउटरखाली_रिग:
पिंगबद्दल. जर्मनीच्या दोघांना काढू नका, चुकीची माणसं जातील.

आपली गाडी आपल्या संगणकावर चालते. दुसऱ्याची गाडी नेटवरून आलेल्या शेवटच्या माहितीवरून अंदाजाने रंगवली जाते. माहिती नियमित येत असेल तर अंदाज चांगला बसतो. जर्मनीच्या ड्रायव्हरची माहिती पुण्यात पोचायला साधारण ७५ मिलिसेकंद लागतात, कारण पिंग हा जाण्यायेण्याचा आकडा आहे. समजा त्याने त्याच क्षणी ब्रेक मारला आणि ते तुम्हाला ७५ मिलिसेकंद कळलं नाही. १.५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट) ब्रेकिंगला तेवढ्या वेळात अंदाज चुकतो फक्त ४ सेंटिमीटरने. पण शेजारच्या गल्लीतला वायफायवरचा ड्रायव्हर, पिंग १५, मध्येच अर्धा सेकंद माहिती येणं बंद. त्याच ब्रेकिंगला अंदाज १.८ मीटरने चुकतो. काळ तिप्पट-चौपट नाही, सहा-सात पट, आणि चूक त्याच्या वर्गाने वाढते. तुमच्या पडद्यावर तो अजून पुढे पळतोय आणि प्रत्यक्षात त्याने ब्रेक मारलाय, मग गाडी एकदम उडी मारून तुमच्या बॉनेटवर.

म्हणून नियम सरासरी पिंगवर नको, स्थिरतेवर हवा. लॅन केबल सक्तीची. पात्रता फेरीत गाडी उड्या मारताना दिसली तर रेस डायरेक्टर तिला शेवटच्या रांगेत किंवा पिटलेनमध्ये पाठवू शकेल. रेसमध्ये दिसली तर दोन लॅपमध्ये निवृत्त व्हायचं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा संगणक यूपीएसवर असतो आणि राउटर थेट भिंतीतल्या प्लगला, म्हणून गाडी जागच्या जागी गायब होते. राउटर आणि फायबरचा छोटा डबा दोन्ही यूपीएसवर घ्यायला सांगा, दोघांना मिळून फार वीज लागत नाही.

आणि स्ट्युअर्डसाठी: दोन्ही ड्रायव्हरांचे रिप्ले मागा. एकाच्या रिप्लेमध्ये धडक आणि दुसऱ्याच्यात हातभर अंतर, असं दिसलं तर कुणी खोटं बोलत नाहीये. अशा प्रसंगाला 'रेसिंग इन्सिडेंट', दंड नाही.

शेवटची_रांग:
हे फारच उपयोगी आहे, मंडळी. दोन गोष्टी राहिल्या. धडक दिल्यावर थांबून जागा परत दिली तर काय? आणि त्याच शिकेनमध्ये गवतावरून परत येताना दोघांनी आणखी तिघांना पाडलं, त्याचं कलम कसं लिहू?

लॉगबुक_स्ट्युअर्ड:
जागा परत देणं मान्य करा, पण अटी घाला: एका लॅपच्या आत, सुरक्षित ठिकाणी, रेसिंग लाइन सोडून, आणि ज्याला धडकलात त्याच्या मागे. मध्ये तिसऱ्याने फायदा घेतला तरी धडक बसलेल्याच्याच मागे. असं केलं तर वेळेचा दंड रद्द, पेनल्टी पॉइंट मात्र राहतो. पॉइंट फॉर्म्युला वनसारखे ठेवा, तिथे १२ महिन्यांत १२ झाले की एक रेस बंदी. छोट्या हंगामात ४ ला पात्रता फेरी नाही, ८ ला एक रेस बंदी पुरे.

परत येण्याचं कलम: गाडी फिरली की दोन्ही पाय खाली (क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून), ब्रेक धरून ठेवा. फिरणारी गाडी सरळ रेषेत घसरते आणि मागचे तिला चुकवू शकतात. ब्रेक सोडला की ती घरंगळत ट्रॅकवर येते, तिथेच बहुतेकांचा घात होतो. थांबल्यावर आधी नकाशा आणि रडार बघायचं, गाड्या जाऊ द्यायच्या, मग ट्रॅकला समांतर वेग घ्यायचा आणि लाइनच्या बाहेरून आत यायचं. परत येणाऱ्याला कधीच अग्रहक्क नाही. तो सातव्या क्रमांकावर होता आणि त्याची चूक नव्हती, तरीही नाही. दंड किमान १५ सेकंद, कारण इथे घाई सोडली तर दुसरं कारण नसतं. आणि 'सॉरी' टाइप करायला चॅट उघडू नका, रेस आणि पात्रता फेरीत चॅट पूर्ण बंद.

एक कलम लोक विसरतात तेही घाला: नोंदवलेल्या खात्यावर नोंदवलेलाच माणूस चालवणार. २०२० च्या मे महिन्यात फॉर्म्युला ईच्या (विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेच्या) घरून खेळायच्या मालिकेत डॅनियल आब्ट या व्यावसायिक ड्रायव्हरच्या जागी दुसऱ्याने गाडी चालवली, ते उघड झालं आणि त्याला डिस्क्वालिफाय करून १०,००० युरो धर्मादाय संस्थेला द्यायला लावले. शंका आली तर पुढच्या रेसला हाताचा कॅमेरा मागायचा अधिकार स्ट्युअर्डना आधीच लिहून द्या, नंतर मागितला तर तो आरोप वाटतो.

राउटरखाली_रिग:
आणि आत्ताच्या ११ तक्रारी जुन्याच नियमांवर निकाली काढा. नवी कलमं पुढच्या रेसपासून, तारीख घालून.