अनमोड घाटात पिकअप तापते, फोंड्यात नाही. हेड (इंजिनच्या सिलिंडरवरचा भाग) खोलावं का?

उसगावची_पिकअप
2003 ची डिझेल पिकअप, एसी नाही. रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा, फॅन व्हिस्कस कपलिंगवर (आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर फिरणारा). फोंडा-मडगाव फेऱ्यांत काटा मध्यावरच असतो. एक टन माल घेऊन मोले सोडलं आणि दुसऱ्या गिअरात चढ सुरू झाला की काटा लालजवळ जातो. वर थांबून इंजिन नुसतं चालू ठेवलं की दहा मिनिटांत उतरतो. आठवड्याला अर्धा लिटर पाणी कमी होतं, विहिरीचंच घालतो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) मेकॅनिकने काढून टाकलाय. आता तो हेड खोलू म्हणतो.

डिझेल_डिचोली
हेडला एवढ्यात हात लावू नका. आधी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर बघा. झाकण काढून रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण ते थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. मग झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) दगडासारखा कडक होईल. ऑइलच्या झाकणाखाली साय (पाणी मिसळून पांढरट झालेलं ऑइल) दिसते का तेही बघा. यातलं काहीच नसेल तर हेडखालच्या गॅस्केटचा (सील करणाऱ्या पत्र्याचा) संशय मागे ठेवा.

फॅन गेला असता तर फोंड्याच्या ट्रॅफिकमध्येच काटा चढला असता आणि उभ्या गाडीत उतरला नसता. तरीही इंजिन गरम असताना बंद करून पाती हाताने फिरवा. जड लागली पाहिजेत. सैल फिरली आणि कपलिंगवर तेलकट डाग असेल तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय.

घाटात रुंद जागा बघून थांबा आणि इंजिन चालू ठेवून लगेच इन्फ्रारेड गनने वरच्या आणि खालच्या होसचं तापमान घ्या. चकचकीत धातूवर गन चुकीचं दाखवते, रबरावरच धरा. दोन्ही होस जवळपास सारखेच तापलेले असतील तर हवा कमी पडतेय. फरक फार मोठा असेल तर पाणी फिरत नाहीये.

म्हापसा_पाना
थर्मोस्टॅट परत बसवा, कृपा करून. गोव्यात थंडी नाही म्हणून तो काढायची सवय पडलीय, पण बऱ्याच डिझेल इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. सपाटीला कळत नाही, चढावर कळतं. नवा घेतलात तरी तपासून बसवा: दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला न टेकवता, आणि पाणी तापवा. 82 चा असेल तर साधारण 82 अंशांना उघडायला लागतो, 95 पर्यंत पूर्ण उघडतो. त्यावरचं हवेचं बारीक भोक बसवताना वरच्या बाजूला हवं.

अर्धा लिटर जातंय त्यासाठी रेडिएटरचं झाकण आणि वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक बघा. झाकणाचं रबर चिरलं की दाब टिकत नाही. 0.9 बारच्या झाकणाखाली पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं, दाब नसेल तर 100 लाच.

उसगावची_पिकअप
बुडबुडे नाहीत, साय नाही, फॅन जड आहे. घाटात वरचा होस 97, खालचा 66. झाकणाचं रबर चिरलंय. पंपाखाली ओल नाही.

डिझेल_डिचोली
31 अंशांचा फरक म्हणजे पाणी फारच हळू फिरतंय. चढावर 8 ते 12 च्या आसपास हवा होता. उभ्या गाडीत रेस देऊन खालचा होस चपटा होतो का ते आधी बघा, आतली स्प्रिंग गंजून गेली की तो चिकटतो आणि वाट बंद होते. तो ठीक असेल तर रेडिएटरच्या नळ्या गंजाच्या गाळाने भरल्यात. विहिरीच्या पाण्यात गंजरोधक नसतं, क्षार मात्र असतात. रेडिएटर उतरवून वरची टाकी खोला आणि रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून गाळ काढणं) करून घ्या. तांब्या-पितळेचा आहे म्हणून हे जमतं, ॲल्युमिनियमचा असता तर बदलावाच लागला असता. रेडिएटरच्या नळ्यांमधले पातळ पत्रे बोट लावल्यावर भुकटी होऊन पडत असतील तर रॉडिंगवर पैसे घालू नका, खारी हवा लागलीय, नवा कोअर (नळ्या-पत्र्यांचा मधला भाग) टाका.

म्हापसा_पाना
रेडिएटर बसवण्याआधी इंजिनचा ब्लॉक उलट्या दिशेने, हलक्या दाबाने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. आणि भरताना एक चूक टाळा. सिस्टिम 10 लिटरची असेल तर ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर पाणी उरलेलंच असतं. आधी 5 लिटर न मिसळलेलं कूलंट ओता, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. उलट केलंत तर अर्धं-अर्धं प्रमाण कधीच जमत नाही. गाडीचं नाक चढाला ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, वरचा होस गरम होईपर्यंत थांबा, पातळी उतरेल तसं भरा, मग नवं झाकण लावा. पहिली फेरी रिकामी, धारबांदोड्यापर्यंतच. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी बघा आणि होसच्या क्लिपा परत आवळा.