इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थोडी भर

कॉलेजच्या वर्षांत काय करावं, म्हणजे नंतर हळहळ वाटणार नाही, असं विचारलं की बहुतेक जण ट्रेक, गॅदरिंग, मैत्री सांगतात आणि ते अगदी खरं आहे. पण नंतरची हळहळ बऱ्याचदा साध्या तारखा चुकल्याची असते.

एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांचे प्राध्यापक शिकवतात तो ऑनलाइन) कोर्स दुसऱ्या वर्षापासून घ्या, सत्राला एकच. शिकणं फुकट असतं, परीक्षेची नोंदणी आणि फी मात्र वेगळी. इथेच पुष्कळ जण फसतात: कोर्सला नाव घातलं म्हणजे झालं असं वाटतं आणि मुदत निघून जाते. 12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 8 असाइनमेंटचे 25 गुण, परीक्षेचे 75. पास व्हायला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. असाइनमेंट बुडवून परीक्षेवर भागत नाही.

गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, तिसऱ्या वर्षालाच देता येते, स्कोअर 3 वर्षं चालतो. एम.टेक.चा विचार पक्का नसला तरी द्याच.

आणि प्रोजेक्ट कृपा करून विकत आणू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक सर्किटवर बोट ठेवून विचारतात, "हा रेझिस्टर 10 किलोओमचाच का?" तयार किट आणणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. स्वतः करा आणि त्यासाठी 200 पानी वही घाला. तारीख, रीडिंग, काय जळलं, का जळलं, सगळं त्याच दिवशी लिहा. नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं नेमकं काय जळलं ते लिहिलेल्या पानांवरच सापडतं.