'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

चारुलता: एका प्रवासलेखाचा अनुवाद करतेय. त्यात ॲरिझोनातल्या 'व्हाय' या चिमुकल्या गावाची हकीकत आहे. ८५ आणि ८६ क्रमांकाचे राज्य महामार्ग तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखे मिळायचे, म्हणून लोक त्या जागेला 'वाय' म्हणू लागले. पण राज्याच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे गावाच्या नावात निदान तीन अक्षरं लागायची. मग त्याच उच्चाराचा, 'का' या अर्थाचा शब्द नाव म्हणून लागला. पुढे सुरक्षेसाठी रस्त्यांची जुळणी टी-आकाराची केली, नाव मात्र राहिलं. मी अडलेय 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'पाशी. 'अनिगमित समुदाय' वाचून गाव डोळ्यांपुढे येत नाही.

पाटणकर: सरळ 'वाडी' लिहा. आमच्याकडे ग्रामपंचायत गावाची, वाडीला वेगळा सरपंच नाही. हेच तर म्हणायचंय!

सातासमुद्रापार: पाटणकर, नाही पटलं. इन्कॉर्पोरेटेड म्हणजे सनद मिळून स्वतःची नगरपालिका झालेलं. बाकी वस्त्यांचा कारभार कौंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडे. व्हायचा पीमा कौंटीकडे. आपली वाडी कुठल्या तरी ग्रामपंचायतीत असतेच, आणि तिला मूळ गाव असतं. व्हाय कुणाची वाडी?

करवीरकर: 'मजरे' कसा वाटतो? मूळ गावापासून सुटी वस्ती. चंदगड तालुक्यात मजरे कार्वे आहे, राधानगरीत मजरे कासारवाडा. कागदोपत्री चालणारा शब्द आहे, वापरात राहायला हवा.

शुद्धमती: तो अरबी आहे, शेतावरून आलेला. 'उपग्राम' म्हणा ना. मराठीत घडवता येतो तर उसना कशाला?

करवीरकर: ताई, तालुका नि जिल्हाही अरबीच आहेत. 'उपग्राम' कुठल्या एस.टी.च्या पाटीवर पाहिलात? तोंडात रुळलेला शब्द टाकून कागदावरचा आणायचा, याने भाषा वाढत नाही.

शुद्धमती: रुळलेले शब्दही कधीतरी कुणीतरी घडवलेच होते. घडवणं थांबलं की भाषेचं उसनवारीवर भागतं. मी 'उपग्राम'वर ठाम आहे.

मालवणी माणूस: दोन्ही सोडा. तीन रस्ते मिळतात तिथे आमच्याकडे 'तिठा' म्हणतात. नांदगाव तिठा बघा. गाडीवाल्याला तेवढं सांगितलं की पुरे. व्हाय म्हणजे तिठाच. वाय असो की टी, तीन वाटा तिथे मिळतातच. मला वाटतं, यातला 'ठा' 'ठाय'चा असावा.

पाटणकर: 'ठाय' नव्हे, वाट! आमच्या आजी 'तिवाटा' म्हणायच्या. तो आखडून 'तिठा' झाला असणार.

मालवणी माणूस: मग 'ट'चा 'ठ' कसा झाला?

दौंडकर: आमच्या तालुक्यात चौफुला आहे. रस्ते मिळतात यावरूनच नाव पडलं, आणि आज गाव म्हणून तेच चालतं. व्हायसारखीच गोष्ट. 'फाटा'ही आहेच.

चारुलता: 'तिठा' फार आवडला, नावाच्या गोष्टीत तो घालतेच. पण कौंटीच्या कारभाराचं काय? तूर्त 'स्वतःची नगरपालिका नसलेली वस्ती' असं लिहितेय. लांब आहे, पण खरं आहे.

शुद्धमती: 'नगरपालिका'ऐवजी 'नगरसंस्था' का नको?

पाटणकर: तिवाटा कुठल्या कोशात सापडतो का, कुणी पाहील का?