पॅड बांधून बसलो, पण बॅटिंग आलीच नाही

काल कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला होता. लेक शेजारी पलंगावर लोळत २०२५ च्या महिला विश्वचषकाची फायनल मोबाईलवर पुन्हा बघत होती. (आमच्याकडे हे पारायण आठवड्यातून एकदा होतंच.) नवी मुंबई, मध्यरात्र उलटलेली, हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला, सगळ्या धावत सुटल्या आणि मग ती कोच अमोल मुझुमदारांच्या पाया पडली. लेक म्हणाली, "आई, हे भारताकडून कधी खेळले गं?"

"नाही खेळले."

"एकदाही नाही?"

मग तिला १९८८ ची गोष्ट सांगितली. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची सेमीफायनल, सचिन-कांबळीची नाबाद ६६४ ची भागीदारी. एकाचे ३२६, दुसऱ्याचे ३४९. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पुढचा नंबर कोणाचा होता? हा तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता, दोन दिवस. विकेट पडलीच नाही. पुढे रणजीत पदार्पणातच २६०, कारकिर्दीत ११ हजारांवर धावा, पण भारतीय संघात मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण. याच्यासाठी जागाच नाही.

सांगता सांगता हात कप्प्यात, आणि हाताला नेमकी ती साडी लागली.

१९९७ साली एका सरकारी नोकरीच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव दुसरं होतं. निवड झालेल्यांपैकी एक जण रुजूच झाला नाही, म्हणून यादीतल्या पहिलीला बोलावणं गेलं. म्हणजे आता मीच! आईनं त्याच आठवड्यात रुजू व्हायच्या दिवसासाठी साडी घेतली. फॉल-पिको झालं, ब्लाउज शिवून आला, इस्त्री करून सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. अमका सोडून जाणार आहे, तमकीची बदली होणार आहे, अशा बातम्यांवर अकरा महिने काढले. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की आई काही कारण नसताना अंगण झाडायला घ्यायची. मग यादीची मुदत संपली. तेही एका मैत्रिणीकडून कळलं, पत्र वगैरे काही आलं नाही.

साडीवर अजून त्या पेपरची शाई आहे.

तर सांगा तुमचे पॅड बांधून बसलेले दिवस. क्रिकेट आलंच पाहिजे असं नाही.

———

मी पहिली! माझ्याकडे भारी किस्सा आहे, सविस्तर लिहिते. कुकर लावलाय.

———

पोलीस भरती, १६०० मीटर. पूर्ण मार्कांची वेळ दोन सेकंदांनी हुकली आणि यादी एका मार्कावर थांबली. घरी आल्यावर वडील म्हणाले, पी. टी. उषाचं बघ, तिचं तर लॉस एंजेलिसला एक शतांश सेकंदानं गेलं. खरं आहे. १९८४, ४०० मीटर हर्डल्स, तिसरीची वेळ ५५.४१, उषाची ५५.४२. पण मला तेव्हा इतका राग आला होता! म्हटलं अण्णा, उषा ऑलिंपिकमध्ये चौथी आली, मी जिल्ह्यात बहात्तरावा.

छातीवर लावलेला नंबर अजून आहे माझ्याकडे. पिना गंजल्यात, कापडावर चार तांबडे ठिपके पडलेत.

———

बहात्तरावे 😂 सॉरी भाऊ, हसायला नको होतं.

———

हसा हो. आता मीही हसतो.

———

आमचं पॅड म्हणजे आभारप्रदर्शन. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्यांदाच माझ्यावर जबाबदारी. तीन रात्री आरशासमोर सराव, मंडपवाल्यापासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं पाठ, मध्ये दोन चारोळ्या. प्रमुख पाहुणे "मी फार वेळ घेणार नाही" म्हणाले तिथेच पोटात गोळा आला. सव्वा तास! मी कागद घेऊन माईककडे निघालो, तेवढ्यात सूत्रसंचालिकेनं थेट राष्ट्रगीताची घोषणा केली. मी स्टेजच्या तिसऱ्या पायरीवर सावधान.

चारोळ्या आहेत अजून. कोणाला हव्यात?

———

नको.

———

थोडं विषयांतर. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल श्रीलंकेविरुद्ध. समोर २५२ चं लक्ष्य, आपण १ बाद ९८, सचिन ६५ वर. भावाचा नियम होता की कोणी जागा सोडायची नाही. मला तहान लागली. फक्त स्वयंपाकघरात गेले, माठात ओगराळं बुडवलं, आणि बाहेरून अशी काही किंकाळी आली की ओगराळं माठातच राहिलं. सचिन यष्टिचीत. बघता बघता ८ बाद १२०, मग मैदानात बाटल्या, कांबळी रडत बाहेर आला. भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. आता तो पन्नाशीला आलाय, तरी भाऊबीजेला ओवाळणी घालताना म्हणतो, "त्या दिवशी पाणी प्यायली नसतीस तर दुप्पट घातली असती."

———

ताई, चूक तुमच्या पाण्याची नव्हती. टॉस जिंकून आपण फिल्डिंग घेतली आणि संध्याकाळी तीच खेळपट्टी फुटली. चेंडू वाट्टेल तसा वळत होता.

———

हे कृपया माझ्या भावाला फोन करून सांगा.

———

मी नागपूरचा. सगळे चेतन शर्मा म्हटलं की शारजाच काढतात. १८ एप्रिल १९८६, शेवटच्या चेंडूवर चार हवे होते, यॉर्करचा फुलटॉस झाला, मियांदादनं षटकार मारला. झालं, जन्माचा शिक्का. त्याच माणसानं पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला आमच्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली, तिघेही त्रिफळाचीत! आणि मी मैदानात होतो. पण हॅटट्रिक बघितली नाही. मुतारीच्या रांगेत होतो. आतून गर्जना आली तेव्हा माझ्यापुढे चार जण होते आणि एकानंही रांग सोडली नाही. गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक मात्र डोळे भरून पाहिलं.

आता मूळ विषय. मी बँकेत कॅशियर होतो. नव्यानं काउंटरवर बसलो तेव्हा एका शनिवारी घाईत शंभराच्या नोटांचं एक बंडल जास्त गेलं. दहा हजार. तेव्हा माझा पगारही तेवढा नव्हता. ते गृहस्थ परत आले नाहीत आणि पैसे माझ्याकडून हप्त्यांनी कापले गेले. त्यानंतर सव्वीस वर्षं काउंटरवर एका रुपयाचा फरक नाही. खरंच नाही, रजिस्टरं बघा. निरोप समारंभात साहेब उठले आणि हसत हसत म्हणाले, "यांच्याकडून पैसे घेताना आम्ही मोजत नव्हतो, कधी कधी ते जास्तच देतात." सगळे हसले. मीही हसलो. बायको नाही हसली.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, त्यांना सव्वीस वर्षं दिसली नाहीत का? मी म्हटलं, अगं शारजा लक्षात राहतं, नागपूर कोणाला आठवतंय.

———

काका 🙏

———

काका, वहिनींना नमस्कार सांगा.

———

साडी कोणती होती? फोटो टाका ना.

———

सिनेमात कसं असतं, हिरो पडतो, पायाला प्लास्टर, मग एक गाणं सुरू होतं. पहिल्या कडव्यात काठी, दुसऱ्यात डोंगरावर पळतोय, तिसऱ्यात मेडल. माझं गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं (सोसायटीचा बॅडमिंटन सामना, तोही सराव सामना, कृपया विचारू नका). फिजिओनं टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवायला शिकवलं, म्हणजे गादीवरून पाय मागे सरकतो. सर्र करून आवाज येतो त्या पिशवीचा. रोज तीन वेळा. गुडघा ९० अंशांत वाकायला मला सात आठवडे लागले. सात आठवड्यांचं गाणं कोण ऐकेल?

परत कोर्टवर गेलो तोवर माझ्या जोडीदारानं दुसरा पार्टनर धरला होता. मी आता स्कोअर लिहितो.

———

आयटीवाल्यांना विचारा पॅड बांधून बसणं काय असतं. आमच्यात त्याला थेट बेंचच म्हणतात. पाच महिने बेंचवर होतो. रोज लॉगिन करायचं, ट्रेनिंगचे तेच ते व्हिडिओ बघायचे, मॅनेजरचा मेसेज आला की छातीत धस्स. जेमिमा रॉड्रिग्जनं सांगितलं होतं ना, २०२५ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला ती अंघोळ करत होती आणि तिसऱ्या नंबरवर जायचंय हे मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं? सेम टू सेम! मी बाथरूममध्ये, फोन वाजला, "क्लायंट आत्ता कॉलवर आहे, लगेच जॉइन हो." कानात साबण तसाच, वर शर्ट, खाली टॉवेल.

तिनं ऑस्ट्रेलियाला नाबाद १२७ मारले. मी पहिल्याच प्रश्नावर क्लीन बोल्ड. क्लायंटनं विचारलं, "तुमचा आवाज घुमतोय, कुठे आहात?"

———

टॉवेल 😂😂 पुढे काय झालं?

———

पुढे अजून दोन महिने बेंच. मग मिळालं एक प्रोजेक्ट, कंटाळवाणं आहे, पण आहे.

———

जेमिमालाही त्याच स्पर्धेत मध्ये एका सामन्याला बाहेर बसवलं होतं हे विसरू नका.

———

खो-खो. मी तीन वर्षं शाळेच्या संघात दहावी होते. मैदानात नऊच लागतात. दहावीचं काम म्हणजे सगळ्यांच्या चपला, क्लिपा, कानातली सांभाळायची आणि ग्लुकोज कालवायचं. कोणाची कुठली क्लिप हे मला डोळे मिटून कळायचं. तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला आणि बाई ओरडल्या, "जा!" तीन वर्षांची वाट बघितलेली, अंगात वारं भरलेलं. पाटीत बसले. शेजारून पाठलाग करणारी नुसती आली आणि मी खो मिळायच्या आधीच उठून पळाले. फाउल. पुन्हा बसले. पुन्हा उठले. पुन्हा फाउल. बाईंनी डोक्याला हात लावला.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० हरवलं. कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची! टीव्हीवर मॅट, लाइट्स, कॉमेंट्री. मी मात्र बाहेर बसलेल्यांकडेच बघत होते. त्यांच्या क्लिपा कोण सांभाळत असेल?

———

धागाकर्ती : सगळ्यांचं वाचतेय, डाळ निवडता निवडता. बँकवाले काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. साडी नारायणपेठ आहे, डाळिंबी. फोटो उद्या उजेडात काढते.

———

नारायणपेठ असेल आणि १९९७ पासून त्याच घडीत असेल तर आधी घडी बदला! रेशीम घडीवर चिरतं. पेपर काढून जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या अजिबात नकोत.

———

धागाकर्ती : उलगडली आत्ता. एका घडीवर चिरलीय, बोटभर. पदराला नाही, निऱ्यांत जाईल अशा जागी आहे.

———

मग नेसा की.

———

रफू होतं. चांगला रफूवाला असेल तर दिसतसुद्धा नाही.

———

ते आभारप्रदर्शनवाले गेले का? मला चारोळ्या हव्या होत्या.

———

आहे आहे! टाकतो. चष्मा शोधतोय.

———

मी ती सकाळची पहिली. कुकरनंतर सासूबाईंचा बीपी बघितला, मग गॅसवाला आला, मग मुलाचा प्रोजेक्ट, थर्माकोलचा ज्वालामुखी, उद्याच द्यायचाय. आता ११:४० झालेत आणि डोळे मिटताहेत. उद्या नक्की लिहिते, भारी किस्सा आहे.

———

पॅड सोडू नका ताई. तुमचाच नंबर आहे.