मदत हवी आहे: कोरडवाहू तुरीत गवार कुणी घेतलीय का?
राम राम मंडळी. आष्टी तालुक्यात (बीड) आमचं रान मुरमाड, सगळं पावसावर. बाजरी-तूर २:१ (दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर) दरवर्षीचंच. घरी खायला होतं, पण हातात पैसा राहत नाही.

तूर पहिले दोन महिने हळू वाढते. तेवढ्यात मधल्या जागेत गवारीचे चार तोडे पदरात पडतील का? भेंडीचा विचार सोडलाय, केवडा (पानं पिवळी पडायचा रोग) फार येतो. गवारीची अडचण एकच, तोडताना हात खाजतात, त्यामुळे बायका तोडणीला यायला कां-कूं करतात. भाव पडला तर मजुरी तरी निघते का?

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: तुरीच्या दोन ओळींत अंतर किती, मध्ये गवारीच्या ओळी किती, वाण कुठला? ऑगस्टात पावसानं ताण दिला तेव्हा पीक तगलं का? आणि भुरीवर (पानांवर येणारी पांढरी बुरशी) काय मारलंत?